ओलं गोणपाट

प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी सामानाची यादी करून मी ती दाराला चिकटवत असे. सतरंज्या, फळा, खडू, चहा-साखर, हजेरीचे कागद. तिच्याखाली सर स्वतःच्या हातानं आणखी चार वस्तू लिहीत. तांबे, खडी, हातोडा, गोणपाट. संस्थेच्या सचिवांनी पहिल्यांदा ही यादी वाचली तेव्हा ते म्हणाले, "हे कंत्राटदारांचं प्रशिक्षण आहे की दहावं?"

सर म्हणाले, "नीट न्हाई शिकले तर तेच."

सचिव हसले. सर विनोद करताना हसत नसत, त्यामुळे त्यांनी विनोद केला की नाही, हे कधी कळायचं नाही.

सर सैन्यात इंजिनिअर पलटणीत होते. गाव साताऱ्याकडचं, पण निवृत्तीनंतर सांगलीत स्थायिक झालेले. "निम्मी नोकरी पूल बांधण्यात गेली, निम्मी उडवण्यात," असं सांगायचे. आमची संस्था दोन्ही जिल्ह्यांतल्या छोट्या कंत्राटदारांना निसर्गाला कमी ओरबाडून बांधकाम कसं करावं, हे शिकवायची. शाळाखोल्या, घरकुलं, समाजमंदिरं, गटारं अशी कामं घेणारी ही माणसं. शिकायची हौस म्हणून फार थोडे येत. आमचं प्रमाणपत्र जोडलं की टेंडर मिळायला सोपं जायचं, म्हणून येत. सरांना हे माहीत होतं. "कशाला का येईनात. बसले तर खरं," ते म्हणत.

त्यांना सगळे पाठीमागं गोणपाट मास्तर म्हणायचे. स्कूटरला दोन्ही बाजूंनी गोणपाटाच्या घड्या बांधलेल्या असत, आणि त्या बहुतेक वेळा ओल्या असत. सर खोलीत आले की भिजलेल्या तागाचा वास आधी यायचा. माझी फरशी रोज चिखल व्हायची आणि आमचं रोज भांडण व्हायचं.

"सर, पायपुसणं दाराबाहेर ठेवलंय, ते पाय पुसायला."

"बगितलं की. वाळलं हुतं. भिजवून ठिवलंय."

वाळलेलं गोणपाट त्यांना बघवत नसे. रस्त्यानं जाताना कुणाच्या घराचा नवा स्लॅब दिसला की स्कूटर थांबलीच. विचारणं नाही, सांगणं नाही, शिडी दिसली की वर. स्लॅबचा ओलावा टिकावा म्हणून तिथं पसरलेल्या गोणपाटाला ते हाताची मागची बाजू लावून बघत, लेकराचा ताप बघावा तसं. तासगावच्या बाजूला एका घरमालकिणीनं चोर समजून त्यांच्यामागं कुत्रं सोडलं होतं. फाटलेली पॅन्ट घालूनच ते वर्गात आले आणि फळ्यावर लिहिलं, 'आज एक स्लॅब कोरडा सापडला.' पॅन्टबद्दल अवाक्षर नाही.

एकदा ते सगळ्या वर्गाला घेऊन म्हसवडला गेले. सिद्धनाथाचं दर्शन असेल असं समजून लोकांनी नारळ घेतले होते. सरांनी गाडी नदीच्या पात्रात नेली. पाणी नव्हतंच, पण वाळूही नव्हती. नुसते खड्डे, आणि खड्ड्यांच्या तळाला पांढरी पडलेली माती. सरांनी सगळ्यांना एका खड्ड्यात उतरवलं. माणसं डोक्यापर्यंत आत गेली.

"आता परत्येकानं सांगायचं," सर काठावरून म्हणाले. "सोताच्या घराला वाळू कुठली?"

विट्याचा एक बोलका कंत्राटदार खालून म्हणाला, "आवं सर, आधी तुमचं सांगा की. तुमच्या घराला कुठली?"

"हितलीच," सर म्हणाले. "म्हणून तर जागा म्हाईत हाय."

मग तेही खड्ड्यात उतरले आणि दगडी चुऱ्यापासून केलेली वाळू कशी वापरायची, कुठं वापरायची नाही, हे त्यांनी तिथं उभं राहूनच शिकवलं. येताना नारळ तसेच परत आले.

पण त्यांचा खरा विषय पाणी. आमच्या पूर्व भागात, आटपाडी आणि जतकडे, उन्हाळ्यात गावाला टँकर येतो, आणि कंत्राटदार त्याच पाण्यातून पाईप लावून दिवसभर स्लॅबवर पाणी सोडून ठेवतो. निम्मं वाहून जातं, निम्मं ऊन पितं. बायका हंडे घेऊन खाली रांगेत. सर हे सांगायला लागले की त्यांचा आवाज उतरत जायचा, चढायचा नाही. "काँक्रीटला पाणी लागतंयच," ते म्हणायचे. "पाणी वाचवायचं म्हंजे मारायचं न्हाई असं न्हवं. मारल्यालं पाणी उडू द्यायचं न्हाई."

त्यासाठी तांबे. प्रशिक्षण आठवडाभराचं असे. पहिल्या दिवशी प्रत्येकाला काँक्रीटचा एक ठोकळा भरायला लावायचे, दुसऱ्या सकाळी तो साच्यातून काढून गच्चीवर भर उन्हात ठेवायचा, आणि त्याच्यासाठी रोज एक तांब्या पाणी. फक्त एक. ज्यानं गोणपाट घट्ट गुंडाळलं, वरून प्लास्टिक बांधलं, त्याला तेवढं पाणी पुरायचं. ज्यानं नुसतं वरून ओतलं त्याचा ठोकळा तासाभरात पांढरा फटक. शेवटच्या दिवशी सर सगळ्यांसमोर एकेका ठोकळ्यावर हातोडा घालायचे. ज्याचा भुगा होई त्याला प्रमाणपत्र नाही, पुन्हा पुढच्या तुकडीत बसायचं. लोक वैतागत, मला येऊन विचारत, "मॅडम, चहा बी तांब्यानं मोजून हाय का हितं?"

दुसरा नियम डब्याचा. स्लॅबचे टेकू काढले की पहिला डबा कंत्राटदारानं त्या स्लॅबखाली बसून खायचा. एकट्यानं. सावकाश. "ज्येला खाली बसून घास गिळंना त्येनं टेकू काडायचं न्हाईत," हे वाक्य आठवड्यातून दहादा तरी व्हायचं. त्यांची काही जुनी माणसं हे खरोखर पाळत. भाकरी, ठेचा आणि वर नवा स्लॅब अशी छायाचित्रं सरांच्या मोबाईलवर येत. तेवढीच त्यांच्या मोबाईलमध्ये होती.

म्हसवडला आलेल्या त्याच तुकडीत आटपाडीकडचा एक तरुण कंत्राटदार होता. अंगानं मजबूत, तालमीत वाढलेला, सर त्याला पैलवान म्हणत. बोलका, मोकळा, सगळ्यांना हवाहवासा. रोज संध्याकाळी तो तांब्यातलं जवळजवळ सगळं पाणी सगळ्यांच्या देखत परत पिंपात ओतायचा. शेवटच्या दिवशी सरांनी त्याच्या ठोकळ्यावर हातोडा घातला. ठण्ण आवाज आला. पुन्हा घातला. टवकाही उडाला नाही. सरांनी तो ठोकळा डोक्यावर धरला.

"बगा. पाणी बी वाचलं, ठोकळा बी वाचला."

तेव्हा विट्याचा तोच बोलका माणूस मागून म्हणाला, "आवं सर, वाचलं कसलं! रोज सकाळी मोरीतल्या नळाखाली धरतोय की त्यो ठोकळा. आमी सगळ्यांनी बगितलंय."

खोली हसली. पैलवानानं डोकं खाजवलं. "सर, तुमी तांब्याचं सांगितल्यालं. नळाचं कुठं काय बोलला हुता?"

पुन्हा हशा. आणि या वेळी सरही हसले. मी त्यांना असं मोठ्यानं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी पैलवानाच्या पाठीवर थाप मारली. "हुशार हाय गडी!" आणि प्रमाणपत्र दिलं. कुणीतरी फोटो काढला. सर हसतायत, पैलवानानं ठोकळा छातीशी धरलाय. तो फोटो मोठा करून पैलवानानं आपल्या ऑफिसात लावला.

पुढच्या उन्हाळ्यात दुपारी फोन आला. जत तालुक्यातल्या एका गावाच्या फाट्यावर एसटीचा नवा निवारा पडला होता. त्याचा पुढं आलेला छज्जा खाली आला होता. खाली एक मेंढपाळ होता. मेंढरं घेऊन चालला होता, ऊन फार झालं म्हणून जरा वेळ सावलीला उभा राहिला होता. तो गेला. बरीच मेंढरं गेली. काम पैलवानाचं होतं.

हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते फळा पुसत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "टेकू काडल्यावर डबा खाल्ला हुता का त्यानं?"

मला ते काय माहीत असणार?

मग हळूहळू कळत गेलं. गावात टँकर दिवसाआड यायचा. पैलवानानं टँकरच्या पाण्याला हात लावला नाही. स्लॅबवर पाणी मारलंच नाही. गावानं विचारलं तर म्हणाला, "आता नवी पद्धत हाय, पाणी लागत न्हाई. सांगलीला शिकून आलोय." गाव खूश झालं. आमच्या प्यायच्या पाण्याला न शिवणारा पहिला कंत्राटदार म्हणून सरपंचांनी त्याला शाल-नारळ दिला. ज्या छज्ज्याला पाणी मिळालं नाही त्याच्याच समोर उभं राहून दिला. त्यानंतर त्यानं टेकू लवकर काढले, कारण त्या फळ्या आणि बल्ल्या त्याला दुसऱ्या कामावर हव्या होत्या.

शाल-नारळाचं कळलं त्या दिवशी सर वर्गात आले नाहीत. मी गच्चीवर गेले तर ते रिकाम्या पिंपाशेजारी बसले होते. गोणपाटं सगळी वाळलेली.

चौकशी लागली. पैलवानानं लिहून दिलं की प्रशिक्षणात पाणी वाचवायला शिकवलं होतं आणि खुद्द सरांनी त्याबद्दल कौतुक केलं होतं. पुरावा म्हणून तो फोटो जोडला. सरांना जबानीला बोलावलं. आता सगळं त्यांच्या बोलण्यावर होतं. सर काय सांगतील त्यावर पैलवान किती अडकणार हे ठरणार होतं, आणि आमचा वर्ग राहणार की जाणार हेही.

सचिवांनी त्यांना गाडीत बसवून समजावलं. मीही मागं बसले होते. "सर, सोपं आहे. आपण काय शिकवलं ते सांगायचं. गोणपाट, प्लास्टिक, टेकू, डबा. सगळं खरं आहे. बाकी काही बोलायचं नाही. वर्ग वाचला पाहिजे. अजून किती जणांना शिकवायचंय."

मीही तेच म्हटलं. आजही मला त्यात काही चूक वाटत नाही.

चौकशी अधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात पैलवान उभा होता. खंगलेला, दाढी वाढलेली. तो पाया पडायला वाकला, सरांनी खांदे धरून उभा केला.

"सर, येवढंच म्हणा, पाणी कमी वापरा म्हणून शिकवलं हुतं. ह्यात खोटं हाय का काय?"

"खोटं न्हाई."

"मग?"

"अर्दं हाय," सर म्हणाले आणि आत गेले, मागोमाग सचिव आणि मी.

आत त्यांनी सचिवांनी सांगितलं तसंच सगळं सांगितलं. सावकाश, क्रमानं, फळ्यावर लिहिल्यासारखं. पाणी मारल्याशिवाय काँक्रीट धरत नाही हे पैलवानाला माहीत होतं, कारण त्याचा ठोकळा टिकला तो नळाच्या पाण्यानं. टेकू कधी काढायचे हेही माहीत होतं. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. सचिवांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. झालं, असं मला वाटलं.

"आणखी एक लिवा," सर म्हणाले.

"काय?"

"मी हसलो."

अधिकाऱ्यांनी पेन थांबवलं. "म्हणजे?"

सरांनी नळाचा प्रसंग सांगितला. "त्यानं वर्गात फसवलं हुतं. त्याचा ठोकळा बाद करून त्याला परत बसवायला पायजे हुता. मी हसलो आन् परमाणपत्र दिलं. परमाणपत्र न्हसतं तर हे काम त्याला मिळालं न्हसतं."

"अहो, हसणं जबानीत कसं लिहायचं?"

"जसं सांगतोय तसं लिवा, साहेब. फोटो हायच तुमच्याकडं. त्यात हसतोयच मी."

सचिवांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

बाहेर जिन्यात पैलवानानं सरांना गाठलं. आतलं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. "सर, सोता बी बुडाला आन् मला बी बुडिवलं. काय मिळालं तुमास्नी?"

सरांनी त्याला तेच विचारलं जे मला विचारलं होतं. "टेकू काडल्यावर डबा खाल्ला हुतास का रं खाली?"

पैलवानानं तोंड भिंतीकडं फिरवलं. "येळ न्हवता, सर."

सरांनी मान हलवली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते म्हातारे दिसले.

पैलवानावर गुन्हा दाखल झाला, त्याची नोंदणी गेली. पेपरात मथळा आला की प्रशिक्षकानं चूक कबूल केली. आमच्याकडं नाव नोंदवलेले कंत्राटदार एकेक करून माघारी फिरले. ज्याच्या प्रमाणपत्रावर सरांची सही होती, त्याला ते दाखवायची लाज वाटू लागली. संस्थेनं वर्ग बंद केला. सचिव सरांशी बोलायचे थांबले, सरांनी बोलायचा प्रयत्न केला नाही. कुणी कुणाला दोष दिला नाही. फक्त एका महिन्यात त्या खोल्यांमधून माणसं गेली आणि सामान राहिलं.

खोल्या रिकाम्या करायचं काम माझ्याकडं आलं. मी दाराची जुनी यादी काढली आणि एकेक वस्तू जुळवत गेले. सतरंज्या होत्या, फळा होता, तांबे होते. हातोडा नव्हता. सरांचा फोन लागेना. घरी गेले तर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "ते जतकडं गेल्यात. आंघोळीला बी येत न्हाईत घरी." एका हातोड्यासाठी कुणी जतला जात नाही. मी एसटीनं गेले.

फाट्यावर उतरले तेव्हा भर दुपार होती. पडलेला निवारा काढून त्याच जागी नवा बांधला होता. दुसऱ्याच कंत्राटदारानं. सरांचा त्या कामाशी काही संबंध नव्हता, त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं, म्हातारा स्लॅब टाकल्या दिवसापासनं इथंच आहे. शाळेच्या व्हरांड्यात झोपतो. टँकर आला की गावाबरोबर रांगेत उभा राहून एक घागर घेतो, आणि ती पीत नाही, शिडीनं वर नेऊन गोणपाटावर शिंपडतो.

"गावानं शिव्या घातल्या, मॅडम. म्हणलं, पयला आला त्यो पाणी न्हाई लागत म्हणाला, ह्यो आला तर पाणी वततोय. एका बाईनं घागरच लाथाडली. म्हातारा परत रांगंत जाऊन हुबा राह्यला. मग कुणी काय बोलंना."

"आणि पितो काय?"

"आमी देतोय की च्या."

टेकू आदल्या दिवशीच काढले होते. गोणपाटं खाली आणून घडी करून ठेवली होती. नव्या निवाऱ्याची सावली चांगली मोठी पडली होती, आणि त्या सावलीत सर एकटेच बसले होते, मांडीवर डबा उघडून. एसटीची वाट बघणारी माणसं बाहेर उन्हात उभी होती. टॉवेल डोक्यावर, पिशव्या पायाशी. एकही माणूस आत नव्हता.

"या, मॅडम," सर म्हणाले. "बसा."

मी वर बघितलं. मग बसले.

"हातोड्यासाठी आले होते," मी म्हटलं. "यादीत कमी आहे."

"हाय हितं." त्यांनी घड्यांखालून तो काढून दाखवला. "रोज एकदा वाजवून बगतो. आवाज चांगला हाय. असू दे का अजून?"

"असू दे."

भाकरी अर्धी खाऊन झाली होती. ते एकेक तुकडा बराच वेळ चावत होते. बाहेरच्या लोकांना दिसावं म्हणून त्यांनी तोंड रस्त्याकडं केलं होतं. कालपासनं हा कितवा डबा होता, कुणास ठाऊक.

तेवढ्यात रस्त्यानं मेंढरं आली. मागं एक बाई, हातात काठी, कपाळ मोकळं. टपरीवाल्यानं मान खाली घातली, त्यावरून ती कोण हे मला कळलं. सावली दिसली तशी मेंढरं वळली आणि धक्के देत आत घुसली. सरांच्या पायाशी, माझ्या पिशवीवर, गोणपाटाच्या घड्यांवर. धापा टाकत, एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहिली. सर अंग चोरून एका बाजूला सरकले, जागा करून दिली.

बाई कडेलाच थांबली, जिथं सावली संपत होती तिथं.

"ताई, आत या. सावलीला या," सर म्हणाले.

तिनं छज्ज्याकडं बघितलं नाही, सरांकडंही नाही. मेंढरांकडं बघितलं.

"त्यास्नी काय कळतंय," ती म्हणाली.

तिनं पदर कपाळावर ओढून घेतला आणि उन्हातच उभी राहिली. सर भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच बसून होते.